बडी बहेनजींचा दवाखाना

आपल्या वर्धा जिल्ह्यात कुणाचं लेकरू फार आजारी पडलं, की घरातलं मोठं माणूस एकच सल्ला देतं. सेवाग्रामला न्या. आर्वीकडचे असोत, हिंगणघाटचे असोत, नाहीतर पलीकडच्या यवतमाळ-चंद्रपूर जिल्ह्यातले असोत, सगळ्यांच्या तोंडी हेच. आपल्यातल्या कितीतरी जणींचा जन्म त्या दवाखान्यात झालाय, कितीतरी जणींची बाळंतपणं तिथे झालीत. पण हा दवाखाना उभा कुणी केला, असं विचारलं तर बऱ्याच जणी एकमेकींकडे बघतात. दवाखान्याला नाव कस्तुरबांचं, मेडिकल कॉलेजला नाव महात्मा गांधींचं. जिनं आयुष्य घालून हे सगळं उभं केलं, तिनं स्वतःचं नाव पुढे केलंच नाही. सेवाग्रामात तिला सगळे बडी बहेनजी म्हणायचे. तिचं नाव डॉ. सुशीला नायर.

मी स्वतः लहान मुलांची डॉक्टर. गेली पंचवीसेक वर्षं रोज सकाळी उठून लेकरांच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा, हेच काम. आजचं औषधशास्त्र किती पुढे गेलंय, ते रोज डोळ्यांनी बघते. आणि नुसत्या औषधानं लेकरू बरं होत नाही, त्यामागे दहा हात लागतात, हेही रोज बघते. हे दुसरं शहाणपण बडी बहेनजींना फार लवकर आलं होतं. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगायची आहे.

पंजाबातली मुलगी

सुशीलाचा जन्म २६ डिसेंबर १९१४चा, पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यात कुंजाह नावाच्या गावी. आता ते गाव पाकिस्तानात आहे. मोठा भाऊ प्यारेलाल कॉलेज सोडून गांधीजींकडे गेला आणि पुढे त्यांचा सचिव झाला. एका घरातला मुलगा असा निघून गेला की त्या घरात काय होतं, ते आया जाणतात. पण भावामुळेच सुशीलाला गांधीजींची ओळख झाली. लहान असतानाच लाहोरला तिनं त्यांना पाहिलं होतं.

शिक्षण लाहोरला आणि मग दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात झालं. हे कॉलेज १९१६ साली खास बायकांसाठी निघालं होतं. त्या काळी पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही बायका तयार नसत. बाई दुखणं अंगावर काढायची आणि त्यातच जायची. आपल्याकडे आनंदीबाई जोशी, रखमाबाई यांनी जी वाट पाडली, तीच ही वाट. सुशीलानं एम.बी.बी.एस. केलं आणि पुढे एम.डी.सुद्धा केलं. मोठ्या शहरात प्रॅक्टिस थाटली असती तर पैसा आणि मान दोन्ही मिळालं असतं.

पण १९३९ मध्ये ती भावाकडे सेवाग्रामला आली. गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडलं. कुडामातीच्या भिंती, कंदिलाचा उजेड, उन्हाळ्यात अंगाची लाही आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. दिल्लीत शिकलेल्या पंचविशीच्या मुलीनं तिथे पाऊल ठेवलं आणि थोड्याच दिवसांत वर्ध्यात पटकीची साथ आली.

पटकी आली आणि...

पटकी म्हणजे कॉलरा. आजच्या तरुण मुलींना या शब्दाची भीती वाटत नाही. पण आपल्या आज्यांना विचारा. मरीआईचा गाडा गावाबाहेर नेऊन सोडायची ती वेळ. या आजारात जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी आणि मीठ इतक्या भराभर जातं, की सकाळी अंगणात खेळणारं पोर संध्याकाळी राहत नाही. आज आपण पाकिटातली मीठ-साखर पाण्यात कालवतो आणि चमच्याचमच्यानं पाजतो. हा साधा उपाय तेव्हा कुणाच्या हातात नव्हता. तो पुढे आला. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तो हजारो माणसांवर वापरून दाखवला, तेव्हा जगाला त्याची किंमत कळली.

त्या साथीला सुशीलाबाई जवळजवळ एकट्याच भिडल्या. पटकीत डॉक्टर एकट्यानं पुरा पडत नाही. आजाऱ्याला पाणी भरायचं तर कुणीतरी उकळून द्यावं लागतं, विहिरीत औषध टाकायचं तर गावानं हो म्हणावं लागतं, घाण पुरायची तर कुदळ धरणारा हवा, आणि झाकलेलंच पाणी प्यायचं हे घरातल्या बाईनं मनावर घ्यावं लागतं. या कामानंतर गांधीजींनी त्यांना आपली डॉक्टर म्हणून ठेवून घेतलं. त्याला डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्यासारख्या नामवंत डॉक्टरांचीही संमती होती.

आता इथे एक गंमत बघा. गांधीजींचा ओढा निसर्गोपचाराकडे. मातीच्या पट्ट्या, टबात बसणं, उपास, साधं खाणं. आजाऱ्याची सेवा करण्यात मात्र त्यांचा हात कुणी धरला नसता. महारोगानं पिडलेल्या परचुरेशास्त्रींना त्यांनी आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांना मालीश केलं. सुशीलाबाई मात्र इंजेक्शन, सूक्ष्मदर्शक, तपासण्या शिकून आलेल्या. गुरू एका विचाराचा, शिष्या दुसऱ्या शास्त्राची. तिनं गुरू सोडला नाही आणि शास्त्रही सोडलं नाही. ही तारेवरची कसरत तिनं पुढची नऊ वर्षं केली. या कसरतीची सगळ्यात अवघड वेळ पुण्यात आली.

आगाखान पॅलेसमधला बिछाना

१९४२च्या ऑगस्टमध्ये चले जाव चळवळ सुरू झाली. गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन, प्यारेलाल आणि सुशीलाबाई हे सारे पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. आठवडाही झाला नव्हता, तोच १५ ऑगस्टला महादेवभाई अचानक गेले. डॉक्टर जवळ असूनही काही करता आलं नाही. १९४३ मध्ये बापूंनी एकवीस दिवसांचा उपास केला. तेव्हाही नाडी धरून बसायला सुशीलाबाई होत्याच. मुंबईचे हृदयरोगाचे डॉक्टर गिल्डर हेही कैदी म्हणूनच तिथे आले होते.

मग बा आजारी पडल्या. हृदय थकलेलं, श्वास लागायचा, रात्र रात्र बसून काढायच्या. गिल्डर आणि सुशीलाबाई ॲलोपॅथीचे. पुण्याचे निसर्गोपचारवाले डॉ. दिनशा मेहता आले. लाहोरहून आयुर्वेदाचे वैद्य शिव शर्मा आले. सरकारनं वैद्यांना रात्री आत राहू द्यायला आढेवेढे घेतले, तेव्हा ते फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपत. एका म्हाताऱ्या बाईच्या बिछान्याभोवती तीन शास्त्रं उभी होती, आणि कुणी कुणाला कमी लेखत बसलं नाही. बांना ज्यानं आराम पडेल ते करू, एवढंच सगळ्यांनी धरलं. आजच्या भाषेत याला टीमवर्क म्हणतात.

शेवटी न्यूमोनिया झाला. धाकटे चिरंजीव देवदास यांनी कलकत्त्याहून विमानानं पेनिसिलिन मागवलं. त्या वेळी हे औषध अगदी नवं होतं. महायुद्ध चालू होतं आणि ते मुख्यतः सैन्यालाच मिळायचं. बांचं शरीर फार खचलं होतं, डॉक्टरांनाही फारशी आशा उरली नव्हती. औषध दर काही तासांनी सुईनं टोचावं लागणार हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला समजावलं, की आता आईला देवाच्या हवाली करू दे, तिला टोचून त्रास देऊ नको. मुलानं बापाचं ऐकलं. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीचा दिवस. संध्याकाळी बांनी बापूंच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला.

या प्रसंगावर आजवर पुष्कळ लोक भांडले. कुणी बापूंना दोष देतं, कुणी देत नाही. मी डॉक्टर म्हणून बघते तेव्हा मला त्या खोलीतली एकोणतीस वर्षांची मुलगी दिसते. औषध दाराशी येऊन पोचलंय, आणि ते द्यायचं की नाही हा निर्णय तिचा नाही. नवं औषध निघालं की वाटतं, आता प्रश्न सुटला. पण ते कुणाला द्यायचं, किती उशिरापर्यंत देत राहायचं, थांबायचं कधी, हे औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं नसतं. ते माणसांनी मिळून ठरवायचं असतं. नवजात बाळांच्या कक्षात आजही आम्ही डॉक्टर, नर्स आणि बाळाचे आईवडील असे बसतो, तेव्हा हाच प्रश्न समोर असतो. लहान लेकराच्या बाबतीत तर तो अजून कठीण, कारण त्याला स्वतःला बोलता येत नाही. थोडीही आशा असेल तर मी सुईच्या बाजूनं उभी राहते, हे सांगून टाकते. पण आईला समजावल्याशिवाय सुई उचलायची नाही, हेही मी पाळते.

त्याच मे महिन्यात गांधीजी सुटले. त्यांच्या तपासणीत पोटात आकडीचे जंत आणि आमांश निघाले. साऱ्या देशाला सत्याग्रह शिकवणारा माणूस, आणि पोटात दुखणं मात्र आपल्या अनवाणी शेतमजुराचं! हे जंत मातीतून पायाच्या कातडीवाटे आत शिरतात आणि रक्त पितात. आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी असतं त्याचं एक कारण हेच.

पंधरा खाटांपासून

सेवाग्रामला परतल्यावर सुशीलाबाईंनी बायका आणि मुलांसाठी छोटा दवाखाना सुरू केला. गर्दी इतकी वाढली की आश्रमाची शांतता राहीना. मग बिर्लांनी दिलेल्या अतिथिगृहात दवाखाना गेला. १९४५ मध्ये तिथे पंधरा खाटांचं, फक्त बायका-मुलांचं इस्पितळ झालं आणि त्याला कस्तुरबांचं नाव मिळालं. आज नऊशेच्या वर खाटा आहेत, त्या या पंधरा खाटांच्या लेकी-नाती आहेत.

बाईमाणूस आणि लेकरू आधी, हा हट्ट का? कारण घरात औषध सगळ्यात शेवटी त्यांनाच मिळतं. बैल आजारी पडला तर घर हलतं, सून तापानं फणफणली तर चूल मात्र पेटलीच पाहिजे. हे आपण बघितलेलं आहे ना?

फाळणीच्या आधी नोआखालीत दंगली झाल्या, तेव्हा सुशीलाबाई तिथल्या खेड्यात राहून काम करत होत्या. ३० जानेवारी १९४८ला बापूंची हत्या झाली त्या दिवशी त्या जवळ नव्हत्या. बापूंनीच त्यांना पाकिस्तानात पाठवलं होतं. ज्याची नाडी रोज बघितली, त्याच्या शेवटच्या क्षणी आपण तिथे नाही, हे दुःख त्यांनी कसं पचवलं असेल!

त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकल्या. हा विषय सोपा करून सांगते. दवाखान्यात आलेलं एक लेकरू बरं करणं ही एक गोष्ट. त्याच वस्तीतली बाकीची शंभर लेकरं दवाखान्यात यायची वेळच येऊ नये, ही दुसरी. पहिल्यासाठी औषध लागतं. दुसऱ्यासाठी स्वच्छ पाणी, संडास, लस, आईचं पोटभर जेवण आणि घरोघर फिरणारं माणूस लागतं.

१९५० मध्ये परतल्यावर फरिदाबादला क्षयरोग्यांसाठी त्यांनी काम उभारलं. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठानचीही जबाबदारी घेतली. तिथे डॉ. वर्देकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव जाऊन महारोगी शोधत, लोकांना समजावत आणि डॅप्सोनच्या गोळ्या देत. गोळी एका कारखान्यात बनते, पण ती रोग्याच्या तोंडात पडायला सायकलवरून गावात जाणारा कार्यकर्ता लागतो. त्याच्या पायाखालचा रस्ता म्हणजेच निम्मा इलाज.

मग राजकारण. १९५२ मध्ये दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री, नंतर तिथल्या विधानसभेच्या अध्यक्ष. १९५७ पासून झाशीच्या खासदार आणि १९६२ ते १९६७ देशाच्या आरोग्यमंत्री. मंत्रिपद गेल्यावर पुष्कळ माणसं दिल्लीतच रेंगाळतात. या बाईंचं मन मात्र सेवाग्रामकडे होतं.

गावातलं मेडिकल कॉलेज

१९६९ हे गांधीजींचं जन्मशताब्दीचं वर्ष. त्या वर्षी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. देशातलं हे पहिलं खेड्यातलं मेडिकल कॉलेज. पहिल्या तुकडीत साठ विद्यार्थी होते. खेड्यात मेडिकल कॉलेज काढणं सोपं नव्हतं. शिकवायला मोठे डॉक्टर इथे येतील का? आले तर टिकतील का? पण कॉलेज निघालं, आणि टिकलं.

प्रवेश मिळाला की पहिले पंधरा दिवस विद्यार्थ्यांनी आश्रमात राहायचं. झाडू मारायचा, प्रार्थनेला बसायचं, सूत कातायचं. खादी वापरायची. नंतर प्रत्येक तुकडीनं एक गाव दत्तक घ्यायचं, तिथे पंधरा दिवस मुक्काम करायचा, आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहायचं. पूर्वी प्रवेशासाठी गांधीविचारांची वेगळी परीक्षाही असायची, देशभर नीट लागू झाल्यावर ती गेली. यावर हसणारेही होते. खादी घालून काय डॉक्टर चांगला होतो, असं लोक म्हणायचे. पण जो मुलगा अठराव्या वर्षी कुडाच्या घरात खाटेवर बसून म्हातारीच्या हातचा काळा चहा प्यायलाय, तो पुढे वॉर्डात त्या म्हातारीवर खेकसणार नाही, असा हिशेब असावा. प्रत्येक वेळी जमला असेल असं नाही, पण हिशेब खरा आहे.

ज्वारीचा विमाही याच दवाखान्याचा. शेतकऱ्याजवळ पीक निघाल्यावर धान्य असतं, रोकड नसते. म्हणून हंगामात घरटी ज्वारी जमा करायची. ज्याची शेती जास्त त्याची ज्वारी जास्त, मजुराची थोडी. गावातल्या बहुतेक घरांनी भाग घेतला की त्या गावाला इलाजात सवलत. भिशी आणि बचतगट चालवणाऱ्या आपल्या बायकांना हे लगेच कळेल. एकट्याच्या संकटाला सगळ्यांची पायली.

बाई शिस्तीला कडक होत्या. दारूबंदीचा आग्रह, साधेपणाचा आग्रह, वेळेचा आग्रह. अशा माणसाच्या हाताखाली काम करणं सोपं नसतं. लग्न त्यांनी केलं नाही. भाऊ प्यारेलाल १९८२ मध्ये गेले, तेव्हा त्यांचं गांधीचरित्राचं अपुरं काम बहिणीनं पुढे नेलं. जानेवारी २००१ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, सेवाग्रामातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

दहा हातांचं काम

आता माझ्या वॉर्डात या. चौदाशे ग्रॅमचं, आठव्या महिन्यातलं बाळ आलंय असं समजा. त्याला वाचवतं कोण? डॉक्टर, असं सगळे म्हणतात. पण आधी आशाताईनं बाळ थंड पडलंय हे ओळखलं आणि १०८ ला फोन केला. गाडीवाल्यानं खड्डे चुकवत आणलं. सिस्टरनं केसाएवढ्या शिरेत सुई घातली. लॅबवाल्यानं दोन थेंब रक्तात निदान केलं. मावशीनं फरशी पुसली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला हात धुवायला लावलं. यातला एक हात जरी आळसला, तरी लाखो रुपयांचं मशीन फुकट. जंतूला डॉक्टरची डिग्री कळत नाही, धुतलेला हात कळतो.

आणि या टीममधली सगळ्यात मोठी माणूस म्हणजे बाळाची आई. तिच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बाळ ठेवलं तर ते उबेत राहतं, त्याचा श्वास नीट चालतो, वजन वाढतं. तिच्या दुधाला कुठल्याच डब्याची सर येत नाही. पूर्वी आम्ही आयांना काचेबाहेर उभं करायचो, आता त्यांना आत घेतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तर गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवून दाखवली. अभय बंग यांचं बालपण सेवाग्रामच्याच वातावरणात गेलं, हा काही निव्वळ योगायोग नव्हे.

मैत्रिणींनो, म्हणून तुम्हाला हक्कानं सांगते. लेकराला दवाखान्यात नेताना लसीचं कार्ड आणि आधीच्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत टाका. बिब्बा लावला असेल, घुटी दिली असेल, डाग दिला असेल, तर रागावतील म्हणून लपवू नका. आम्ही रागावलोच तर तो आमचा कमीपणा, पण माहिती कळली तर लेकरू वाचतं. बाळ दूध ओढत नसेल, हातपाय थंड पडले असतील, बरगड्या आत ओढून श्वास घेत असेल, तर शिवरात्र-अमावास्या बघू नका, सासऱ्याच्या परवानगीची वाट बघू नका, निघा. औषध कशाचं, किती दिवस, हे विचारा. समजलं नाही तर पुन्हा विचारा. डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे. आणि घरी परतताना सिस्टरला आणि मावशीलाही दोन शब्द गोड बोला. डॉक्टरला पेढे मिळतात, त्यांना फक्त तक्रारी मिळतात.

पुढच्या वेळी सेवाग्रामला जाल तेव्हा आपल्या मुलींना सोबत न्या. बापूकुटी तर दाखवालच. पण पंधरा खाटांपासून एका बाईनं काय केलं, तेही त्यांना सांगा. आपल्या गावच्या एखाद्या मुलीला तेवढ्यानंही पांढरा कोट घालावासा वाटेल. कुणी सांगावं?